खाच, खोबणी आणि केबल: मेमरी व पडद्याच्या जोडणीविषयी वाचकांचे प्रश्न

जुना डेस्कटॉप संगणक टाकून न देता वापरात कसा ठेवावा, याविषयी या सदरात लिहिल्यानंतर जी पत्रे आली, त्यांतील बहुतेक दोनच गोष्टींविषयी आहेत: मेमरी (रॅम) वाढवणे आणि पडदा जोडणे. दोन्हींत वाचकांची अडचण एकाच प्रकारची आहे. पट्टी स्लॉटमध्ये बसते, केबल सॉकेटमध्ये जाते, आणि तरीही हवे ते काम होत नाही. मग दोष वस्तूचा, दुकानदाराचा की आपला, हे कळेनासे होते. अशा काही पत्रांना येथे उत्तरे दिली आहेत. जागेअभावी पत्रे संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न: आमच्या घरी २०१२ च्या सुमारास घेतलेला संगणक आहे. मी निवृत्त शिक्षिका असून लेखन, ईमेल आणि परदेशातील नातवंडांशी व्हिडिओवर बोलणे एवढाच माझा वापर आहे. संगणक फार मंद झाला आहे. त्यात ४ जीबी मेमरी आहे. लॅमिंग्टन रोडवरील एका दुकानात ‘डीडीआर३ आता येत नाही, डीडीआर४ घेऊन जा’ असे सांगण्यात आले. ती पट्टी माझ्या संगणकात चालेल का? (एक वाचक, गिरगाव)

उत्तर: चालणार नाही, आणि ती घेऊ नये. डेस्कटॉपच्या मेमरीच्या पट्ट्या पहिल्या डीडीआर पिढीपासून आजच्या डीडीआर५ पिढीपर्यंत लांबीने सारख्याच, म्हणजे सुमारे १३३ मिलिमीटर आहेत; त्यामुळे हातात घेतल्यावर त्या एकसारख्या वाटतात. फरक खालच्या कडेला आहे. तेथील सोनेरी संपर्कपट्ट्यांच्या ओळीत एक खाच असते आणि प्रत्येक पिढीत ती थोडी सरकवलेली असते, जेणेकरून चुकीची पट्टी स्लॉटमध्ये बसूच नये. डीडीआर३ ला २४० संपर्क आहेत, डीडीआर४ ला २८८. आतला फरक याहून मोठा आहे. डीडीआर३ ला १.५ व्होल्ट लागतात, डीडीआर४ ला १.२ आणि डीडीआर५ ला १.१. शिवाय मेमरीशी बोलणारा नियंत्रक आता प्रोसेसरच्या आतच असतो आणि आपल्या काळातल्या प्रोसेसरला डीडीआर४ ची भाषाच येत नाही. खाच जुळत नसताना कोणी पट्टी जोर लावून दाबली, तर स्लॉट तुटतो आणि त्याबरोबर मदरबोर्डही, म्हणजे सर्व भाग जोडणारा मुख्य बोर्डही, जातो.

आपल्याला डीडीआर३ च हवी. आपल्या संगणकात त्या काळी मुंबईत सर्रास विकला जाणारा एच ६१ चिपसेटचा मदरबोर्ड असेल, तर त्याला बहुधा दोन स्लॉट असतील आणि दोन्ही मिळून १६ जीबीपर्यंत मेमरी त्याला चालते. आज डीडीआर३ बहुतेक वापरलेलीच मिळते. तिच्यात गैर काही नाही. मात्र विकत घेताना दुकानातच चालवून दाखवण्यास सांगावे, बदलून देण्याची मुदत बिलावर लिहून घ्यावी आणि संगणकातील जुनी पट्टी नमुना म्हणून सोबत न्यावी. त्या पट्टीवरील चिकटपट्टीवर ‘पीसी३’ अशी अक्षरे असतात. त्यापुढे ‘एल’ असेल तर ती १.३५ व्होल्टवर चालणारी पट्टी असते आणि अशा बहुतेक पट्ट्या १.५ व्होल्टच्या जागीही चालतात. लॅपटॉपची आखूड पट्टी मात्र डेस्कटॉपमध्ये बसत नाही. २०२५ च्या उत्तरार्धापासून नव्या मेमरीचे भाव बरेच चढले आहेत, त्यामुळे जुनी पट्टी कवडीमोलाने मिळेल अशी अपेक्षाही ठेवू नये.

परंतु खर्च करण्यापूर्वी मंदपणाचे कारण मेमरीच आहे का, हे पाहणे मला अधिक महत्त्वाचे वाटते. नेहमीची सर्व कामे एकदम उघडी ठेवून कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या कळा एकत्र दाबाव्यात, म्हणजे टास्क मॅनेजर उघडतो. त्यातील ‘परफॉर्मन्स’ या भागात मेमरीचा आणि डिस्कचा वापर दिसतो. मेमरी नव्वद टक्क्यांच्या आसपास खेळत असेल, तर ती अपुरी आहे. मेमरी पुरली नाही की विंडोज तिच्यातील काही मजकूर डिस्कवर नेऊन ठेवते व लागेल तेव्हा परत आणते, आणि ही ने-आण जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवर होत असेल तर माऊस हलवला तरी प्रतिसाद येत नाही. मेमरी निम्मी रिकामी असून डिस्क मात्र सतत शंभर टक्क्यांवर असेल, तर दोष डिस्कचा आहे आणि तेथे मेमरी वाढवून काहीही साधणार नाही. अशा वेळी हार्ड डिस्कच्या जागी साटा जोडणीची (त्याच केबलवर बसणारी) एसएसडी, म्हणजे फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क, बसवावी. आपल्या वयाच्या संगणकात बहुधा दोन्हींची गरज निघेल. एकालाच पैसे असतील तर मी एसएसडी आधी घेण्यास सांगेन.

आणखी एक गोष्ट तपासावी. त्या काळी अनेक संगणकांत ३२ बिटचे विंडोज घातले जाई, आणि ते ४ जीबीच्या पलीकडील मेमरी वापरूच शकत नाही. ‘सिस्टिम’ या पानावर ३२ की ६४ बिट हे लिहिलेले असते. ३२ असेल तर मेमरी वाढवण्याबरोबर ६४ बिटचे विंडोज नव्याने घालावे लागेल. मात्र विंडोज १० साठी सर्वांना मिळणारी सुरक्षा अद्यतने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली, आणि विंडोज ११ आपल्या पिढीच्या प्रोसेसरला अधिकृतपणे चालत नाही. बँकेचे व्यवहार या संगणकावरून होत असतील, तर हा विचार आधी करावा; केवळ लेखन व बोलणे असेल, तर लिनक्स या विंडोजऐवजी वापरता येणाऱ्या प्रणालीची एखादी साधी आवृत्ती ८ जीबी मेमरी व एसएसडीवर अजून कित्येक वर्षे सुखाने चालेल.

प्रश्न: माझ्याकडे दहाव्या पिढीचा कोअर आय५ १०४०० प्रोसेसर आणि एच ४१० चिपसेटचा बोर्ड आहे. त्यात २६६६ ची ८ जीबी पट्टी होती. मी ३२०० लिहिलेली ८ जीबीची आणखी एक पट्टी घेतली. टास्क मॅनेजर वेग २६६७ दाखवतो आणि सीपीयू-झेड हा प्रोग्रॅम १३३० च्या आसपास दाखवतो. खोक्यावर तर ३२०० आहे. माझी फसवणूक झाली आहे का? (अभियांत्रिकीचा एक विद्यार्थी, मुलुंड)

उत्तर: फसवणूक झालेली नाही. तीनही आकडे खरे आहेत. ते वेगवेगळ्या गोष्टी सांगतात.

आधी १३३० आणि २६६७ पाहू. डीडीआर म्हणजे दुहेरी दराची मेमरी. तिच्या घड्याळाचा प्रत्येक ठोका चढतो आणि उतरतो. जुनी मेमरी त्यांपैकी एकाच वेळी माहिती पाठवत असे, डीडीआर मेमरी दोन्ही वेळा पाठवते. म्हणून घड्याळ १३३३ मेगाहर्ट्झचे असले तरी माहितीची देवाणघेवाण सेकंदाला २६६६ दशलक्ष वेळा होते. सीपीयू-झेड घड्याळाचा आकडा दाखवतो, टास्क मॅनेजर देवाणघेवाणीचा. खोक्यावरील ‘३२०० मेगाहर्ट्झ’ ही छपाईच काटेकोरपणे चुकीची आहे. तो आकडा मेगाहर्ट्झचा नसून सेकंदाला होणाऱ्या दशलक्ष हस्तांतरांचा आहे. दुर्दैवाने ही सवय सगळ्या बाजारात इतकी मुरली आहे की तिच्यामुळे आपल्यासारखे अनेक जण गोंधळतात.

आता ३२०० चे काय झाले ते पाहू. दोन पट्ट्या एकत्र लावल्या की दोघींना झेपेल अशाच वेगाने नियंत्रक चालतो, म्हणजे जुन्या पट्टीमुळे वेग २६६६ वर येतो. जुनी पट्टी काढून टाकली तरी आपल्या बाबतीत फरक पडणार नाही, कारण १०४०० या प्रोसेसरची अधिकृत मर्यादाच २६६६ आहे आणि एच ४१० चा बोर्ड ती ओलांडू देत नाही. बायोसमध्ये, म्हणजे संगणक चालू होताना सर्वप्रथम चालणाऱ्या मदरबोर्डवरील प्रोग्रॅममध्ये, एक्सएमपी ही मेमरी जास्त वेगाने चालवण्याची सोय शोधत बसण्यात अर्थ नाही. पुढचा संगणक डीडीआर४ चा आणि ३२०० झेपणारा असेल तर नवी पट्टी त्यात ३२०० ने चालेल, तोवर ती २६६६ ने निमूटपणे काम करेल.

खरे तर आपला फायदा दुसरीकडून झाला आहे. एका पट्टीचा मार्ग ६४ बिटांचा, म्हणजे ८ बाइटांचा असतो. २६६६ ला ८ ने गुणले की सेकंदाला सुमारे २१.३ जीबी होतात. दुसऱ्या स्लॉटमध्ये तेवढीच पट्टी लावल्यावर नियंत्रक दोन्ही मार्ग एकाच वेळी वापरतो आणि ही क्षमता सुमारे ४२.६ जीबी होते. एकट्या ३२०० च्या पट्टीची क्षमता २५.६ जीबीच असती. आपल्या बोर्डाला दोनच स्लॉट असतील तर चुकण्यास जागा नाही. पण चार स्लॉटच्या बोर्डावर दोन पट्ट्या शेजारीशेजारी लावल्या तर अनेकदा त्या एकाच मार्गावर पडतात. अशा बोर्डावर प्रोसेसरकडून मोजत दुसरा आणि चौथा स्लॉट वापरावा, असे बहुतेक पुस्तिकांत लिहिलेले असते. सीपीयू-झेडच्या ‘मेमरी’ या पानावर ‘ड्युअल’ किंवा दोन मार्ग असा उल्लेख दिसला की काम झाले.

आपण पत्रात सीएलविषयी विचारले नाही, तरी पुढील खरेदीसाठी सांगून ठेवतो. वेगाइतकेच महत्त्व पहिला शब्द हाती येण्यास लागणाऱ्या वेळेला असते, आणि सीएलचा आकडा ती वेळ ठोक्यांत सांगतो. ३२०० च्या पट्टीत सीएल १६ असेल तर १६ भागिले १६०० मेगाहर्ट्झ, म्हणजे १० नॅनोसेकंद. सीएल २२ असेल तर १३.७५ नॅनोसेकंद; आणि २६६६ ची सीएल १९ ची पट्टी १४.२५ नॅनोसेकंद घेते. म्हणजे ३२०० च्या स्वस्त पट्टीत आणि आपल्या जुन्या पट्टीत या बाबतीत जेमतेम अर्ध्या नॅनोसेकंदाचा फरक आहे.

प्रश्न: पावसाळा सुरू झाला की आमचा संगणक अधूनमधून चालूच होत नाही, पंखा फिरतो, पण पडदा काळा राहतो आणि आतून शिट्टीसारखा आवाज येतो. दुरुस्ती करणारा मुलगा येतो, मेमरीची पट्टी काढून खोडरबराने घासतो आणि संगणक सुरू होतो. हे बरोबर आहे का? घरी करता येईल का? (एक वाचक, वरळी कोळीवाडा)

उत्तर: निदान बरोबर आहे, उपाय मात्र अर्धवट आहे. संगणक चालू होताना बायोस सर्वप्रथम मेमरी शोधतो. ती सापडली नाही तर पडद्यावर काही दाखवण्याइतकीही त्याची तयारी होत नाही, म्हणून तो आवाजाने सांगतो. आवाज किती वेळा येतो याचा अर्थ प्रत्येक बायोसनुसार बदलतो, तो मदरबोर्डच्या पुस्तिकेत पाहावा. समुद्रकाठच्या दमट, खारट हवेत संपर्कांवर सूक्ष्म थर जमतो, त्यात धूळ ओली होऊन बसते आणि पट्टी व स्लॉट यांच्यातील एखादा संपर्क तुटतो. पट्टी काढून पुन्हा बसवण्यानेच पुष्कळदा काम होते, कारण बसताना संपर्क एकमेकांवर घासले जातात.

खोडरबराने मात्र वारंवार घासू नये. संपर्कांवरील सोन्याचा मुलामा अतिशय पातळ असतो. तो झिजला की खालचा धातू उघडा पडतो आणि पुढच्या पावसाळ्यात तो आणखी लवकर खराब होतो. शिवाय रबराचा भुगा स्लॉटमध्ये पडतो. त्याऐवजी आयसोप्रोपिल अल्कोहोल हे औषधांच्या किंवा इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळणारे द्रव धागे न सुटणाऱ्या कापडावर घेऊन संपर्क हलक्या हाताने पुसावेत आणि पूर्ण वाळू द्यावेत. त्याआधी वीजपुरवठ्याची केबल भिंतीतून काढावी, चालू करण्याचे बटण काही सेकंद दाबून आत उरलेली वीज जाऊ द्यावी आणि पेटीच्या उघड्या धातूला हात लावून अंगावरील स्थिर वीज उतरवावी. पट्टी कडांना धरावी. बसवताना दोन्ही टोकांच्या खिट्ट्या आपोआप मिटून ‘टक्’ असा आवाज आला पाहिजे. एका टोकाला अर्धा मिलिमीटर वर राहिलेली पट्टी हेच अशा तक्रारींचे फार मोठे कारण आहे.

एवढे करूनही संगणक मध्येच निळा पडदा दाखवून बंद पडत असेल, तर मेमटेस्ट८६+ हा मोफत प्रोग्रॅम पेन ड्राइव्हवरून रात्रभर चालवावा. त्यात एक जरी चूक निघाली तरी ती पट्टी विश्वासार्ह नाही असे समजावे. दोन पट्ट्या असतील तर एकेक लावून तपासावी, म्हणजे दोष पट्टीचा की स्लॉटचा हे कळते.

प्रश्न: मी छपाईपूर्व आरेखनाचे काम करते. नुकताच २७ इंची ४के मॉनिटर घेतला. माझ्या संगणकात आठव्या पिढीचा इंटेल प्रोसेसर आहे, वेगळे ग्राफिक्स कार्ड नाही. एचडीएमआयने जोडल्यावर चित्र स्वच्छ दिसते, पण माऊस ओढल्यासारखा चालतो आणि सेटिंगमध्ये ३० हर्ट्झपेक्षा जास्त पर्याय येत नाही. दुकानदाराने ‘४के केबल’ म्हणून महाग केबल दिली, तरी फरक नाही. (एक वाचक, प्रभादेवी)

उत्तर: केबल बदलून हा प्रश्न सुटणार नाही, कारण अडथळा केबलमध्ये नसून संगणकाच्या सॉकेटमागे आहे. हिशेब थोडा तपशिलाने मांडतो. तो एकदा समजला की कोणताही मॉनिटर घेताना उपयोगी पडतो.

४के पडद्यावर आडवे ३८४० आणि उभे २१६० ठिपके असतात. प्रत्यक्षात तारेतून याहून जास्त ठिपक्यांइतका वेळ जातो, कारण प्रत्येक ओळीच्या व प्रत्येक चित्राच्या शेवटी थोडी मोकळी जागा सोडलेली असते. काचेच्या नळीच्या पडद्यांत किरणाला परत सुरुवातीला येण्यास वेळ लागे, तेव्हाची ही रीत आहे. आज त्या मोकळ्या जागेतून एचडीएमआयचा आवाज पाठवला जातो. ही जागा धरून प्रमाणित मोजणी ४४०० गुणिले २२५० अशी होते. पडदा ६० हर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला ६० चित्रे दाखवत, चालवायचा तर सेकंदाला ५९.४ कोटी ठिपके, अर्थात ५९४ मेगाहर्ट्झ. प्रत्येक ठिपक्याला लाल, हिरवा व निळा मिळून २४ बिट, आणि तारेवर सुरक्षित पाठवण्यासाठी प्रत्येक ८ बिटांचे १० बिट केले जातात. गुणाकार केला की सेकंदाला १७.८ गिगाबिट येतात.

आता सॉकेटकडे पाहू. २००९ च्या एचडीएमआय १.४ ची मर्यादा ३४० मेगाहर्ट्झ, म्हणजे १०.२ गिगाबिट आहे. ४के चे ६० हर्ट्झ त्यात मावत नाहीत; ३० हर्ट्झला २९७ मेगाहर्ट्झ लागतात, ते मावतात. आपल्याला दिसणारा ३० चा आकडा येथून आला आहे. २०१३ च्या एचडीएमआय २.० ने ही मर्यादा १८ गिगाबिटपर्यंत नेली, म्हणजे ४के चे ६० हर्ट्झ नेमके बसतील एवढी. अकराव्या पिढीपूर्वीच्या इंटेलच्या डेस्कटॉप प्रोसेसरांतील अंगभूत ग्राफिक्सची एचडीएमआय सर्वसाधारणपणे १.४ चीच आहे, मग मॉनिटर आणि केबल कितीही नव्या असोत.

उपाय बहुधा आपल्या संगणकाच्या मागेच आहे. एचडीएमआयच्या शेजारी एक कोपरा तिरका कापलेले सॉकेट दिसते का, ते पाहावे. ते डिस्प्लेपोर्ट. २०१० च्या डिस्प्लेपोर्ट १.२ मध्ये उपयुक्त क्षमता १७.२८ गिगाबिट आहे आणि मोकळी जागा कमी ठेवण्याची रीत वापरल्यावर ४के ला ६० हर्ट्झसाठी १३ गिगाबिटही लागत नाहीत. आपल्या प्रोसेसरला हे जमते. मॉनिटरबरोबर डिस्प्लेपोर्टची केबल आली असेल तर तीच लावावी. ते सॉकेट नसेल, तर एचडीएमआय २.० किंवा डिस्प्लेपोर्ट असलेले एखादे साधे ग्राफिक्स कार्ड घालावे लागेल.

दोन गोष्टी आपल्या कामाच्या दृष्टीने मुद्दाम सांगतो. एक, काही मॉनिटरांच्या स्वतःच्या मेन्यूत एचडीएमआयची आवृत्ती निवडण्याची सोय असते आणि कारखान्यातून ती जुन्या आवृत्तीवर ठेवलेली असू शकते. नवे कार्ड घातल्यावरही ३० हर्ट्झच आले, तर आधी तेथे पाहावे. दुसरे, काही ग्राफिक्स कार्डे जुन्या एचडीएमआयवरून ६० हर्ट्झ देतात, पण त्यासाठी रंगाची माहिती चार ठिपक्यांना मिळून एकदाच पाठवतात. यास ४:२:० म्हणतात. चित्रपटात ते जाणवत नाही. परंतु काळ्या पार्श्वभूमीवरील लाल अक्षरांच्या कडा त्यात विरघळतात, आणि छपाईचे काम करणाऱ्याने ती तडजोड कधीही स्वीकारू नये.

केबलविषयी एवढेच, की एचडीएमआयच्या केबलला १.४ किंवा २.० असे आवृत्तीचे आकडे नसतात, आकडे उपकरणांचे. केबलच्या श्रेणी असतात: १८ गिगाबिटसाठी प्रमाणित केलेली ‘प्रीमियम हाय स्पीड’ आणि ४८ गिगाबिटसाठी ‘अल्ट्रा हाय स्पीड’. वेष्टनावर त्या श्रेणीचे, मोबाइलने तपासता येणारे लेबल असते. दोन मीटरच्या आतील प्रमाणित केबल पुरेशी आहे. सोनेरी टोकांसाठी जास्त पैसे मोजू नयेत.

प्रश्न: आमच्या गृहनिर्माण संस्थेच्या कार्यालयासाठी नवा संगणक घेतला. त्याला एचडीएमआय आणि डिस्प्लेपोर्ट आहे, जुन्या १७ इंची मॉनिटरला फक्त निळे व्हीजीए सॉकेट आहे. एका बाजूला एचडीएमआय आणि दुसऱ्या बाजूला व्हीजीए असलेली साधी केबल आणली, पण पडदा ‘नो सिग्नल’ दाखवतो. पूर्वी डीव्हीआय ते व्हीजीए असा छोटा जोड लावून हाच मॉनिटर चालत असे. (संस्थेचे सचिव, चेंबूर)

उत्तर: व्हीजीए ही आयबीएमने १९८७ मध्ये आणलेली जोडणी आहे आणि तिच्यात रंग हे सतत बदलणाऱ्या विद्युतदाबाच्या रूपात जातात: शून्य व्होल्ट म्हणजे काळा आणि ०.७ व्होल्ट म्हणजे त्या रंगाची पूर्ण तेजस्विता. एचडीएमआयमध्ये फक्त शून्य आणि एक यांच्या मालिका असतात. एकीच्या तारा दुसरीला नुसत्या जोडून काही होत नाही. मध्ये आकड्यांचे दाबात रूपांतर करणारी चिप हवी. आपण आणलेल्या केबलमध्ये ती नसावी.

पूर्वीचा छोटा जोड चालत असे, कारण १९९९ च्या डीव्हीआयच्या एका प्रकारात, डीव्हीआय-आयमध्ये, दोन्ही तऱ्हेचे संकेत शेजारी शेजारी दिलेले असत. सॉकेटच्या एका टोकाला आडवी सपाट फट आणि तिच्याभोवती चार छिद्रे असतील तर त्यात व्हीजीएचे संकेत आहेत. तो जोड केवळ त्या तारा वळवून देत असे. ती चार छिद्रे नसतील तर तो डीव्हीआय-डी आहे आणि त्याला असा जोड चालत नाही.

आपण एचडीएमआयकडून व्हीजीएकडे नेणारा, आत चिप असलेला रूपांतरक घ्यावा. त्याची दिशा ठरलेली असते; व्हीजीएकडून एचडीएमआयकडे नेणारा वेगळा मिळतो आणि दिसायला जवळजवळ तसाच असतो, म्हणून दुकानात ‘संगणकाला एचडीएमआय, मॉनिटरला व्हीजीए’ असे स्पष्ट सांगावे. एचडीएमआयच्या सॉकेटमधून ५ व्होल्टची थोडीशी वीज मिळते, प्रमाणानुसार किमान ५५ मिलिअँपिअर, आणि बरेच रूपांतरक तेवढ्यावर चालतात. चित्र मध्येमध्ये जात असेल तर यूएसबीची वेगळी शेपटी असलेला घ्यावा. आवाज हवा असल्यास त्याला हेडफोनचे छिद्र आहे का, तेही पाहावे.

जोडल्यानंतर पडदा केवळ १०२४ गुणिले ७६८ वर अडला, तर व्हीजीएची केबल तपासावी. मॉनिटर आपली ओळख, म्हणजे आपल्याला कोणती मापे चालतात हे, संगणकाला पंधरा पिनांपैकी बाराव्या व पंधराव्या पिनेवरून कळवतो. स्वस्त केबलींत या पिना कधी जोडलेल्याच नसतात, कधी वाकून आत गेलेल्या असतात. मग संगणक सावधगिरीने लहान माप निवडतो. १७ इंची चौकोनी मॉनिटरचे स्वतःचे माप बहुधा १२८० गुणिले १०२४ असते. तेच ठेवावे आणि अक्षरे पुसट वाटल्यास मॉनिटरवरील ‘ऑटो’ बटण एकदा दाबावे.

इंटेल व एएमडी यांनी इतर काही कंपन्यांसह २०१० च्या डिसेंबरातच २०१५ पर्यंत व्हीजीए सोडण्याचे जाहीर केले होते. हा मॉनिटर बिघडला तर त्याच्या दुरुस्तीवर संस्थेचा पैसा घालू नये.

प्रश्न: नवा संगणक जोडला. प्रोसेसर १२४००एफ आहे, ग्राफिक्स कार्ड आहे, सर्व पंखे फिरतात, पण पडद्यावर काही येत नाही. मदरबोर्ड बदलून घ्यावा का? (एक वाचक, घाटकोपर)

उत्तर: आधी केबल कोठे लावली आहे ते पाहावे. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाअखेर ‘एफ’ असते, त्यात अंगभूत ग्राफिक्स नसते. त्यामुळे मदरबोर्डवरील एचडीएमआय त्या प्रोसेसरबरोबर निर्जीव असते. मॉनिटरची केबल पेटीच्या मागे खालच्या बाजूला, आडव्या कार्डावरील सॉकेटला लावावी. कार्डाला वरून वेगळी वीज लागत असेल तर तीही दिली आहे ना, हे पाहावे.

प्रश्न: माझ्या रायझन ५ ५६००जीच्या संगणकात ८ जीबीच्या दोन पट्ट्या आहेत, पण विंडोज १६ जीबीपैकी १३.९ जीबीच वापरण्याजोगी असल्याचे सांगते. एक पट्टी सदोष आहे का? (एक वाचक, कांदिवली)

उत्तर: नाही. पट्टी सदोष असती किंवा नीट बसली नसती, तर सहसा पूर्ण ८ जीबी कमी दिसली असती. आपल्या प्रोसेसरमधील ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नाही. तो मुख्य मेमरीतूनच हिस्सा घेतो आणि आपल्या बायोसने त्यासाठी २ जीबी राखून ठेवली आहे.

पडद्यावर दिसणारे प्रत्येक चित्र आधी मेमरीत तयार होते. १९२० गुणिले १०८० च्या चित्रातील प्रत्येक ठिपक्याला ४ बाइट धरले, तर एका चित्राला सुमारे ८.३ एमबी लागतात. पडदा सेकंदाला ६० वेळा ताजा होतो, म्हणजे काहीही हलत नसले तरी ग्राफिक्सला मेमरीतून सेकंदाला सुमारे ५०० एमबी वाचून केबलवर पाठवावे लागतात. ४के पडद्याला सुमारे २ जीबी. ३२०० च्या एका पट्टीची क्षमता सेकंदाला २५.६ जीबी असल्याने कार्यालयीन कामात हे ओझे जाणवत नाही. खेळांत मात्र प्रत्येक चित्र रचण्यासाठी मेमरीला पुन्हा पुन्हा हात घालावा लागतो आणि तेथे मेमरीचा वेग हीच ग्राफिक्सची मर्यादा ठरते. म्हणून या प्रोसेसरबरोबर दोन पट्ट्या घेतल्या हे आपण अतिशय योग्य केले. एकीवर हाच संगणक खेळांत फार मागे पडला असता.

आपण खेळ खेळत नसाल तर बायोसमध्ये ‘यूएमए फ्रेम बफर साइझ’ या नावाची नोंद शोधावी आणि ती २ जीबीवरून ५१२ एमबी किंवा ‘ऑटो’वर आणावी. उरलेली मेमरी विंडोजला परत मिळेल, आणि ग्राफिक्सला अधिक लागलीच तर तो चालू कामाच्या वेळी ती विंडोजकडून मागून घेऊ शकतो. काही खेळ मात्र राखीव मेमरी कमी दिसली की सुरूच होत नाहीत. तसे झाल्यास आकडा पुन्हा २ जीबीवर न्यावा.